३५ मीटरमध्ये किती वेग मावतो?

माझी रिमोटची बग्गी कागदावर ताशी ४७ किलोमीटर पळते. आम्ही जिथे चालवतो त्या प्लॉटवर ती ४० च्या पुढे जात नाही, आणि मला तिथे त्याहून जास्त वेग नकोच आहे. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. मध्यंतरी जवळच्या सोसायटीतले एक गृहस्थ मुलाला घेऊन बघायला आले होते. "ताई, टॉप किती हिचा?" मी आकडा सांगितला. "ऑनलाइन तर सत्तर-ऐंशीच्या मिळतात की!" त्यांना मुलासाठी गाडी घ्यायची आहे. मला जमलं तेवढं सांगितलं, पण हा विषय उभ्या उभ्या सांगून संपणारा नाही. म्हणून नीट बसून लिहितेय.

आधी ते ४७ आले कुठून ते बघू. गाडी १/१० स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, मागच्या दोन चाकांवर चालणारी. मोटर ब्रशलेस (आत कार्बनचे ब्रश नसलेली), ४००० केव्हीची, म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला ४००० फेरे. बॅटरी दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर), ७.४ व्होल्ट. गुणाकार केला की २९,६०० फेरे होतात. पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, २० दात्यांचा, तो ज्याला फिरवतो तो स्पर गिअर ७८ दात्यांचा, आणि गिअरबॉक्सच्या आत आणखी २.६ चं गुणोत्तर. मोटरचे साधारण १०.१४ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. मागच्या टायरचा व्यास ८५ मिलिमीटर, परीघ २६७. हे सगळं एकत्र मांडलं की ताशी ४६.८ किलोमीटर येतात. प्रत्यक्षात हवेचा विरोध, बेअरिंगमधलं घर्षण आणि भाराखाली पडणारं व्होल्टेज यांत त्यातले थोडे जातात. मी चाकणला गिअर तपासणीच्या कामात आहे, दिवसभर दात्यांचंच मोजमाप चालतं, तरी घरी येऊन हे गणित मांडायला मला आवडतं.

आकडा वाढवणं मुळीच अवघड नाही. २० चा पिनियन काढून २४ चा बसवला की ५६. वर दोनऐवजी तीन सेलची बॅटरी जोडली की ८४. मोटर आणि ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरला) तीन सेल चालत असतील तर एवढं एका संध्याकाळचं काम आहे. पिनियन आणि स्परच्या मध्ये कागदाची पट्टी धरायची, दाते एकमेकांत बसवायचे, स्क्रू आवळून पट्टी फिरवून बाहेर काढायची; बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली फट, बरोबर येतो. डब्यावर छापलेले मोठे आकडे बऱ्याचदा याच वाटेने आलेले असतात. जास्त सेलची बॅटरी, वेगळ्या पिशवीत दिलेला मोठा पिनियन आणि चाचणीसाठी लांबलचक गुळगुळीत डांबरी रस्ता. गाडी डब्यातून काढून जशीच्या तशी मुरमावर ठेवली तर तो आकडा दिसत नाही.

आणि मोठ्या पिनियनची किंमत मोटर मोजते. चाकं फिरवायला तिला जास्त जोर लावावा लागतो, करंट वाढतो, मोटर तापते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर जमीनच इतकी तापलेली असते की थंड व्हायला वाव राहत नाही. ब्रशलेस मोटरच्या आत निओडिमियमची चुंबकं असतात. ती प्रमाणाबाहेर तापली की त्यांची ताकद कमी होते, आणि एका मर्यादेनंतर गेलेली ताकद मोटर थंड झाल्यावरही परत येत नाही. मी प्रत्येक बॅटरीनंतर इन्फ्रारेड थर्मामीटर मोटरवर धरते. ८० अंशांच्या जवळ गेली की त्या दिवशी पुढची बॅटरी नाही.

आता मैदानाचं. धायरीच्या पुढे एका मित्राचा मोकळा प्लॉट आहे, तिथे आम्ही काही जणांनी ट्रॅक आखलाय. मुरूम पसरून धुमसाने ठोकला, कडेला ड्रिपच्या जुन्या नळ्या खुंट्यांनी बसवल्या, मधे मातीचे दोन उंचवटे केले. शनिवारी संध्याकाळी पाणी मारून ठेवलं की रविवारी सकाळी धूळ कमी उडते. सगळ्यात लांब सरळ पट्टा ३५ मीटरचा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना घट्ट वळण.

या ३५ मीटरमध्ये किती वेग मावतो, हा मला खरा प्रश्न वाटतो. सुट्ट्या मुरमावर टायरची पकड, म्हणजे घर्षणाचा गुणांक, साधारण ०.५ धरू. गाडी फक्त मागची चाकं ढकलतात, त्यामुळे सगळं वजन कामी येत नाही. सुटताना गाडीचा भार मागे सरकतो हे धरूनही प्रवेग जेमतेम ३.३ मीटर प्रति सेकंद वर्ग निघतो. मोटर कितीही ताकदीची असो, त्याच्या पुढे चाकं नुसती माती उडवतात. ब्रेक लावताना उलट होतं. भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक तर मोटरमधून मागच्याच चाकांना लागतो. तिथे मी २.५ धरते. वळणातून गाडी सेकंदाला ४ मीटरने बाहेर पडली आणि पुढच्या वळणाला तेवढ्याच वेगाने पोचायची असेल, तर सुमारे १५ मीटर ती वेग घेऊ शकते आणि उरलेले २० मीटर ब्रेकला लागतात. मधला सर्वांत मोठा वेग येतो ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास.

मग गाडीचा टॉप ८४ असला काय आणि १८४ असला काय? त्या मुरमावर ३९ च. माझ्या गाडीचा टॉप ३० असता तर मी पिनियन आजच बदलला असता, कारण मग सरळ पट्ट्यात खरंच वेळ वाया गेला असता. जागेला जेवढा वेग लागतो त्याच्या थोडं वर गिअरिंग असावं, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याच्या वरचा प्रत्येक दाता सुटतानाचा जोर खातो आणि मोटर तापवतो.

वेळ वाचतो तो वळणात. ३ मीटर त्रिज्येचं, पूर्ण उलटं फिरवणारं वळण घ्या. पकड ०.५ असेल तर ते सेकंदाला ३.८ मीटरपेक्षा जास्त वेगाने घेता येत नाही, आणि त्याला सुमारे २.४६ सेकंद लागतात. पकड ०.६ केली की तेच वळण २.२४ सेकंदांत. एका वळणात जवळपास पाव सेकंद. आमच्या ट्रॅकवर अशी चार वळणं आहेत, म्हणजे फेरीमागे सुमारे ०.९ सेकंद. आमची फेरी विसेक सेकंदांची असते. या स्केलच्या इलेक्ट्रिक बग्गीच्या शर्यती बहुधा पाच मिनिटांच्या असतात. तेवढ्यात पंधरा फेऱ्या होतात आणि त्यांत जवळजवळ तेरा सेकंदांचा फरक पडतो. हे कळल्यापासून माझे पैसे मोटरवर कमी आणि टायरवर जास्त जातात.

टायर हा फार मोठा विषय आहे. रबर किती मऊ, टायरवरच्या रबरी गोट्या किती उंच आणि किती अंतरावर, आतला फोम कडक की मऊ. ओलसर मुरमावर उंच आणि विरळ गोट्यांचा टायर जमिनीत रुततो आणि पकडतो. दोन तासांनी ऊन चढून वरचा थर सुटा झाला की तोच टायर तरंगायला लागतो. शॉकॲब्सॉर्बरमधलं सिलिकॉन तेलही तसंच. डिसेंबरच्या सकाळी बरोबर वाटलेलं तेल मेमध्ये पातळ वाटतं, गाडी उडीनंतर तळ आपटते, मग मी एक नंबर जाड तेल भरते. डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, फार मोकळा असेल तर वळणात आतलं चाक हलकं होऊन फुकट फिरतं. फार घट्ट केला तर गाडी वळायलाच तयार होत नाही. यातला एकही आकडा डब्यावर नसतो.

आणि हात. गाडी आपल्या दिशेने येत असेल तेव्हा स्टिअरिंग उलटं वाटतं, ते अंगात मुरायला महिने जातात. उडीत हवेत असताना ॲक्सिलरेटर दिला की नाक वर येतं, ब्रेक दिला की खाली जातं, कारण चाकांच्या फिरण्याची प्रतिक्रिया सगळ्या गाडीला मिळते. एक फूट उंचीवरून गाडी पाव सेकंदात खाली येते. तेवढ्यात ही दुरुस्ती करायची असते. गुरुत्वाकर्षण काही गाडीसोबत दहा पट लहान होत नाही. म्हणूनच ‘४० गुणिले १०, म्हणजे खऱ्या गाडीचे ४००’ हा लोकांचा हिशोब मला पटत नाही. गाडीच्या हालचालीसाठी दहाचं वर्गमूळ धरावं लागतं, सुमारे ३.१६. त्या हिशोबाने माझे ३९ म्हणजे मोठ्या गाडीचे १२३. कच्च्या रस्त्यावर, घट्ट वळणांमध्ये १२३! हा काही कमी वेग नाही.

ज्यांना शर्यत खेळायची असते त्यांनी हे फार पूर्वी ओळखलंय. जगभर १७.५ टर्नच्या (टर्न म्हणजे तारेचे वेढे) मोटरचे ‘स्टॉक’ वर्ग चालतात. मोटरचा प्रकार सगळ्यांना एकच आणि ईएससीमधून टायमिंग वाढवून जास्त वेग काढायला बंदी. सगळ्यांचा टॉप जवळजवळ सारखा, मग उरतं सेटिंग आणि हात. पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं ‘बाहा’ या कच्च्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या कॉलेज स्पर्धेसाठी गाड्या बनवतात, तिथेही बरीच वर्षं इंजिनवर चालणाऱ्या गाड्यांच्या संघांना एकाच प्रकारचं, सुमारे १० हॉर्सपॉवरचं इंजिन वापरावं लागलंय. आमच्या कंपनीत दरवर्षी त्यातली काही मुलं ट्रेनी म्हणून येतात. सस्पेन्शनचा विषय काढला की त्यांना जेवणाची सुट्टी पुरत नाही.

माझ्या भाच्याला मात्र वेगच हवा आहे, आणि त्याची आवड मला पूर्ण मान्य आहे. स्पीड रन हा वेगळा खेळ आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत युटा राज्यात निक केस यांच्या बॅटरीवरच्या गाडीने ताशी ३२५.१२ किलोमीटर, म्हणजे २०२.०२ मैलांचा वेग नोंदवला. त्या गाडीपुढे मी हात जोडते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेग दुप्पट करायला ताकद आठपट लागते. रबरी टायर त्या वेगाला फुगून ताटलीसारखे होतात, म्हणून भरीव फोमचे टायर लावतात. बॉडीखाली हवा शिरली की गाडी उडते, म्हणून ती जमिनीला जवळजवळ चिकटलेली असते. तिथे सगळी अक्कल एका सरळ रेषेत लागते. त्यासाठी शेकडो मीटर रिकामं, सपाट, बंद केलेलं डांबर हवं. पुण्यात असा रस्ता दाखवा. चाकणला रात्रीसुद्धा कंटेनरच्या रांगा असतात, आणि नदीपात्रातल्या रस्त्यावर पहाटे पाचलाही कुणी ना कुणी चालत असतं.

म्हणून त्या गृहस्थांना माझं आग्रहाचं सांगणं, पहिली गाडी ८० ची घेऊ नका. ताशी ८४ म्हणजे सेकंदाला २३ मीटर. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत पाव सेकंद जातो, तेवढ्यात गाडी सहा मीटर पुढे गेलेली असते. ४७ च्या तुलनेत धडकेची ऊर्जा तिपटीहून जास्त. सोसायटीच्या आवारात सायकलवरची मुलं असतात, आजी-आजोबा फेऱ्या मारत असतात. दीड किलोची गाडी त्या वेगाने नडगीवर बसली तर हाड मोडेल. घ्यायचीच तर जिचे सुटे भाग इथे मिळतात ती घ्या, दोन सेलवर चालवा, आणि रिमोटवर ॲक्सिलरेटरची मर्यादा निम्म्यावर आणून ठेवा. बऱ्याच रिमोटमध्ये ती सोय असते. मुलगा नळ्यांना न धडकता सलग दहा फेऱ्या मारायला लागला की मर्यादा थोडी वाढवा. पैसे उरले तर टायरचा एक जास्तीचा जोड घ्या. एम३ चे स्क्रू बोहरी आळीत मिळून जातात.

भाच्याशी माझं ठरलंय. तो म्हणाला, "मावशी, निदान एकदा तरी तीन सेल लावून बघू." मी म्हटलं, कुणाच्या कंपनीचा आतला रस्ता सुट्टीच्या दिवशी परवानगीने मिळाला, दोन्ही टोकांना माणूस उभा राहिला, तर २४ चा पिनियन मी स्वतः बसवून देईन. तो आता परवानगीच्या मागे लागलाय. तोवर रविवारी सकाळी सात ते साडेनऊ आम्ही प्लॉटवर असतो. त्या गृहस्थांनी मुलाला पुन्हा आणावं, माझ्या गाडीवर त्याला दोन बॅटऱ्या चालवू देईन.