ओसरीवरचे दिवस

बोलोन्या, इटली, रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

आज पहाटे इथली घड्याळे एक तास मागे गेली आणि घराचे नि माझे अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर आले. नेहमीप्रमाणे सकाळी आठला फोन लावला तेव्हा वाईला साडेबारा वाजले होते आणि पाने वाढणे चालू होते. गेल्या आठवड्यापर्यंत याच वेळी आई ओट्याशी उभी असे आणि बोलता बोलता फोडणी तडतडलेली मला इकडे ऐकू येई. तो एक तास गेल्याची रुखरुख सकाळभर मनातून जाईना.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी इथे आले आणि त्यानंतरचे जवळजवळ सहा आठवडे चार खाटांच्या तात्पुरत्या खोलीत काढले. विद्यार्थ्याला या शहरात खोली मिळणे किती अवघड आहे, हे येण्यापूर्वी ऐकले होते. परंतु एकामागून एक नकार ऐकून संध्याकाळी परतताना पाय किती जड होतात, हे ऐकून कळत नाही. कुठे जामीनदार इटलीतलाच हवा होता, कुठे मी पोहोचण्याच्या तासभर आधी खोली गेलेली असे. मधल्या काळात कागदपत्रे चालूच होती. करारासाठी सोळा अक्षर-अंकांचा कोदिचे फिस्काले हा करक्रमांक लागतो, आणि देशात आल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत टपाल कार्यालयात जाऊन निवासपरवान्याचा, म्हणजे ‘पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो’चा अर्ज द्यावा लागतो. तेथे मिळालेली पावती मी अजून पारपत्रातच जपून ठेवली आहे.

त्या सहा आठवड्यांत मला आधार वाटला तो इथल्या पोर्तिकोंचा. घरांच्या वरच्या मजल्याखालून रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या या कमानींच्या पडव्या शहरभर मिळून सुमारे ६२ किलोमीटर भरतात, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. विद्यापीठाची स्थापना परंपरेने १०८८ सालची मानतात. पुढच्या दोन शतकांत कायदा शिकण्यासाठी युरोपभरातून विद्यार्थी येथे येऊ लागले, वस्ती वाढली, आणि तटबंदीच्या आत जागा अपुरी पडल्यावर घरमालकांनी वरचे मजले लाकडी तुळयांवर रस्त्याच्या बाजूला पुढे काढले. तो भार पेलण्यासाठी खाली खांब आले आणि खांबांच्या आत चालायला सावलीची वाट झाली. १२८८ मध्ये शहराने नव्या घरांना पोर्तिको सक्तीचाच केला, आणि घोड्यावरचा स्वार खालून जाईल इतकी उंची त्याला ठरवून दिली. स्त्रादा माज्जोरेवरच्या कासा इझोलानी या घराचे ओकचे उंच खांब आजही उभे आहेत. मी एकाला हात लावून पाहिला. लाकूड उभे चिरलेले होते, आणि त्या भेगांत माझे बोट सहज जात होते.

विद्यार्थ्यांना खोल्या पुरेनात म्हणून जी वास्तू घडली, तिच्याच आडोशाला मी खोलीच्या शोधात चालत होते. ही गोष्ट लक्षात आली त्या दिवसापासून नकाराने खचणे कमी झाले. पोर्तिकोखालची जमीन बहुतेक ठिकाणी घरमालकाची असली, तरी तेथून चालण्याचा हक्क सर्वांचा आहे. आमच्या वाईच्या जुन्या घराच्या ओसरीवर बाजारला आलेली माणसे उन्हाची टेकत आणि आजी न विचारता पाण्याचा तांब्या पुढे करी. घरात घेण्याआधी माणसाला ओसरीवर बसवण्याची ती रीत मला इथे दगडविटांत बांधलेली दिसली. सप्टेंबरअखेरीच्या एका धुवाधार पावसात व्हिया झांबोनीवरून मी छत्री न उघडता किती तरी लांब चालत गेले, आणि या शहराने मला अजून घरात घेतले नसले तरी बाहेरही ठेवलेले नाही, असे पहिल्यांदा वाटले.

खोली अखेर दिवाळीच्या तोंडावर मिळाली. माझ्या घरात आणखी दोघीजणी राहतात. शिकण्यासाठी घर सोडून आलेल्यांना इथे ‘फुओरी सेदे’ म्हणतात, आणि त्याही माझ्यासारख्या फुओरी सेदेच आहेत. दुसऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडताना इथली माणसे ‘पेर्मेस्सो?’ असे विचारतात, म्हणजे आपले ‘येऊ का?’. निवासपरवान्यालाही तोच शब्द आहे. पहिल्या दिवशी दारात मी तो चाचरत उच्चारला तेव्हा दोघींनी आतून एकदमच ‘आवान्ती!’ म्हणून हाक दिली. टपाल कार्यालयातून सुरू झालेला तो शब्द त्या हाकेने मला आपला वाटू लागला.

भाऊबीजेला पिठले केले. बेसन शोधायला लांब जावे लागले नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात ‘फारीना दी चेची’ या नावाने हरभऱ्याचे पीठ मिळते. ते आपल्या बेसनापेक्षा किंचित करकरीत असल्यामुळे पाणी थोडे जास्त लागले. मी पिठले घोटत असताना पालेर्मोची मैत्रीण शेजारी येऊन उभी राहिली, आणि उलथन्याला मिश्रण चिकटू लागताच ‘पानेल्ले!’ म्हणून ओरडली. तिच्याकडे हेच पीठ पाण्यात शिजवून, पार्सली घालून थापतात आणि गार झाल्यावर तुकडे तळून पावात घालून खातात. म्हणजे आपली पाटवडीच, फक्त कोथिंबिरीच्या जागी पार्सली. तिने उरलेले पिठले ताटलीच्या मागच्या बाजूवर पसरले, अगदी आई पसरते तसे, पाण्याचा हात लावून. मला काही बोलवेना.

काल तिने खालच्या दाराच्या पितळी घंटीशेजारी माझ्या आडनावाची चिठ्ठी लावली. नाव नसले तर टपाल मिळत नाही, एवढेच ती म्हणाली. देवनागरीतले नाव मी तिला शिकवले होते, म्हणून तिने रोमन अक्षरांखाली तेही काढले आहे. शिरोरेषा जराशी चढती झाली आहे.

माझी खाट पोर्तिकोच्या बरोबर वर आहे. आता रात्रीचे अकरा वाजले आहेत. खालून कोणाच्या तरी बॅगेची चाके फरशीच्या सांध्यांवरून खडखडत येत आहेत, मध्येच थांबत आहेत, बहुधा घराचा क्रमांक पाहण्यासाठी, आणि पुन्हा पुढे निघत आहेत.