पुढच्या उड्डाणापूर्वी

२८ नोव्हेंबर २०२५ च्या शुक्रवारी मुंबईच्या हँगरमध्ये मी रात्रपाळीवर असताना युरोपीय विमानसुरक्षा संस्थेचा तातडीचा आदेश आमच्या हाती आला. एअरबस ए३२० मालिकेतील ज्या विमानांत एल१०४ या सॉफ्टवेअर आवृत्तीचे एलॅक, म्हणजे विमानाच्या हलत्या झडपा नियंत्रित करणारे संगणक, आहेत, त्यांतील ते संगणक बदलल्याशिवाय किंवा दुरुस्त केल्याशिवाय, भारतीय वेळेनुसार रविवारी पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनंतर त्या विमानाने प्रवासी घेऊन उडायचे नव्हते.

ए३२० मध्ये साइडस्टिक, म्हणजे वैमानिकाच्या हाताशी असलेली नियंत्रण दांडी, आणि पंख यांना जोडणारी यांत्रिक तार नसते. वैमानिकाच्या हाताचा आदेश संगणक वाचतात. सामान्यतः पहिला एलॅक एलेरॉन, म्हणजे पंखांवरच्या झडपा, हलवतो आणि दुसरा एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरच्या झडपा. ३० ऑक्टोबरला कॅनकूनहून न्यूअर्कला निघालेल्या विमानाने वैमानिकाने काहीही न करता अचानक नाक खाली घातले होते, प्रवासी जखमी झाले होते आणि विमान टॅम्पाला उतरवावे लागले होते. तीव्र सौर प्रारणामुळे नियंत्रणासाठी आवश्यक असलेला डेटा बिघडू शकतो, असा निष्कर्ष त्यानंतरच्या तपासणीतून निघाला. हे वाचल्यावर आदेश कडक आहे, असे मला क्षणभरही वाटले नाही.

माझ्या वाट्याला तीन विमाने आली. पहिल्या दोन विमानांत डेटा लोडर हे सॉफ्टवेअर भरण्याचे यंत्र जोडून एल१०३ प्लस ही आधीची आवृत्ती परत भरली आणि ते काम सुरळीत झाले. तिसऱ्या विमानाच्या दुसऱ्या एलॅकमध्ये मात्र लोडिंग दोनदा अर्ध्यावर थांबले. तिसरा प्रयत्न करावा, असे एका सहकाऱ्याचे मत होते. पण संगणकाच्या ज्या पेटीविषयी शंका आली, ती उड्डाण नियंत्रणात ठेवायची नाही, असे मी ठरवले आणि भांडारातून योग्य आवृत्तीची पेटी मागवली. सर्किट ब्रेकर ओढून त्यांवर सूचनापट्ट्या लावल्या, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला, एव्हिऑनिक्स बेमध्ये, म्हणजे विमानाचे संगणक ठेवलेल्या कप्प्यात, उतरून जुनी पेटी सोडवली आणि नवी बसवण्याआधी तिच्यावरचा पार्ट नंबर कागदाशी दोनदा ताडून पाहिला. प्रत्यक्ष अदलाबदलीला फार वेळ लागला नाही. खरा वेळ गेला तो चाचण्यांत: आधी संगणकाची स्वयंचाचणी, मग कॉकपिटमधून साइडस्टिक चारही दिशांना पूर्ण हलवताना बाहेर उभ्या असलेल्या सहकाऱ्याने प्रत्येक एलेरॉन आणि एलिव्हेटर योग्य बाजूला जातो की नाही, हे इंटरकॉमवरून सांगणे. आमच्या कार्यपद्धतीप्रमाणे हीच तपासणी त्या कामात हात नसलेल्या दुसऱ्या परवानाधारक अभियंत्याने स्वतंत्रपणे केली. उशीर होत असल्याची विचारणा नियोजन कक्षाकडून दोनदा झाली. दोन्ही वेळा मी तपासणी संपल्यावर कळवतो, एवढेच उत्तर दिले.

भारतात अशी ३३८ विमाने होती आणि जगभरात सुमारे ६,०००, त्यामुळे त्या रात्री आमच्यासारखे कितीतरी हँगर जागे असणार. पहाटे टेक लॉग या विमानाच्या नोंदवहीत आदेशाचा क्रमांक, काढलेल्या आणि बसवलेल्या पेटीचे अनुक्रमांक लिहून मी सही केली. काढलेल्या पेटीला नापास असल्याची पट्टी लावून ती भांडारात जमा केली.