गंडोला असताना चढून का जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. कोल्हापुरात गंगावेशीत दूध प्यायला थांबलं की कोण ना कोण विचारतंच, 'गुलमर्गला गंडोला, म्हंजे रोपवे, हाय न्हवं? पार 3,900 मीटरच्या वर नेऊन सोडतोय, मग स्की लावून चार तास चढून दहा मिनिटं घसरायला एवढ्या लांब कशाला जाताय?' ग्लास संपेपर्यंत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून मागच्या डिसेंबरातला एक दिवसच सांगतो.

मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र. पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात एकत्र चाललेलो, त्यामुळं कोण कधी दमतो ते न बोलता कळतं. सोबत काश्मीरातलाच एक गाईड, वयानं लहान पण बर्फातला आमचा गुरू. चिल्लई कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याचे 40 दिवस, अजून लागायचे होते. इकडं गुऱ्हाळं पेटलेली आणि तिकडं जेमतेम गुडघाभर बर्फ.

सकाळी पहिलं काम बीकन तपासायचं. छातीला बांधायचं यंत्र, 457 किलोहर्ट्झवर सिग्नल सोडतं. कोण हिमस्खलनात गाडला गेला तर बाकीच्यांनी त्या सिग्नलवर शोधून फावड्यानं उकरून काढायचं, तेही पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, कारण पुढं माणूस गुदमरतो. बाहेरनं मदत येईस्तोवर उशीर झालेला असतो, म्हणजे जीव सोबत्याच्याच हातात.

मग स्कीच्या तळाला स्किन चिकटवायची. केसाळ पट्टी असते, पूर्वी सीलच्या कातड्याची असायची, आता मोहेर नाहीतर नायलॉनची. मांजराच्या पाठीवर शेपटीकडं हात फिरवला की मऊ लागतं, उलटा फिरवला की अडतं, तसंच, स्की पुढं सरकते पण मागं येत नाही. टाच मोकळी ठेवून झाडांतनं तास न् तास चढायचं, सर्र सर्र एवढाच आवाज.

आणि चढताना बर्फ पायाला कळतो, वरनं उतरलं की नुसता पांढरा दिसतो. दोनदा खालनं 'हुंफ' असा दबका आवाज आला आणि अख्खा थर बोटभर खचल्यासारखं वाटलं. गाईड जागेवर थांबला. समोर सावलीच्या अंगाचा उतार, 30 अंशांच्या पुढचा, आणि बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांतच होतात. थर कितपत धरून आहे ते बघायला त्यानं अलीकडं सुरक्षित जागी खड्डा खणला, बर्फाचा 30 बाय 30 सेंटीमीटरचा खांब कापला, वर फावडं ठेवून थापा मारायला लागला, मनगटातनं 10, मग कोपरातनं 10, शेवटी खांद्यातनं 10 अशी ती रीत. कोपरातली दुसरी थाप पडली आणि वरचा थर ड्रॉवरसारखा सरकन बाहेर आला.

मी हातमोजा काढून खालचा बर्फ मुठीत घेतला. जाड दाण्याची कारखान्याची साखर असते ना, अगदी तशी, कितीही दाबली तरी लाडू वळेना. सुरुवातीला थर पातळ, खाली जमीन त्यामानानं उबदार, वर निरभ्र रात्रीची थंडी, त्या तेवढ्याशा थरात तापमानाचा फरक एवढा की खालची वाफ वर चढत राहते आणि कण मोठे होऊन एकमेकांची पकड सोडतात. त्यावर नवा बर्फ पडला म्हणजे साखरेच्या ढिगावर फरशी ठेवल्यासारखं.

पण तो उतार काय सुंदर होता, एक रेघ नाही त्याच्यावर. मी गप्प होतो, मन तिकडंच ओढत होतं. या आठवड्यासाठी मित्रानं दिवाळीतसुद्धा ड्युटी केली होती, आणि तोच म्हणाला, 'भावा, नको.' मी लगेच हो म्हटलं. असं म्हणणारा माणूस बरोबर आहे म्हणून तर मी जातो.

स्किन काढल्या, टाचा लॉक केल्या आणि झाडांतल्या सौम्य उतारावरनं एकेक करून उतरलो. खाली मित्रानं सॅकमधनं भडंग काढलं, गाईडनं दोन मुठी खाल्लं आणि म्हणाला फेब्रुवारीत या, तोवर थर जाड होऊन बसलेला असेल, परत खणून बघू. तिकिटं काढलीत, श्रीनगरपर्यंतची.