राहिलेले दहा मणी

निघताना ह्यांनी पिशवीत मोज्यांचे दोन जोड घातले आणि तिसरा घालू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. उगाच ओझं. तो तिसरा जोड हवा होता हे दुसऱ्या दिवशी धारगळीच्या पुढे कळलं, पण ते नंतर सांगते.

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला (सणाला) चालत जाणारे आमच्यात दरवर्षी असतात. पासष्टेक किलोमीटर, तीन दिवस. शेजारच्या वहिनी त्याला 'तुमची वारी' म्हणतात. मी आजवर कधी गेले नव्हते. गाडीने दीड तासात होतं, तर चालायचं कशाला, असं म्हणणाऱ्यांतली मी. तो दीड तास मला चांगला पाठ आहे.

8 जून 2024, शनिवार. मिरगाचा पहिला पाऊस, आमच्या धाकट्याची बाईक घसरली. इथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि बांबुळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात, न्या म्हणाले. आमच्या जिल्ह्यात 'बांबुळीक हलवलो' एवढं ऐकलं की माणसं पुढचं विचारत नाहीत. अँब्युलन्समध्ये मी त्याचे पाय धरून बसले होते आणि तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणत होते. शनिवार म्हणजे आनंदाची रहस्यं, येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, प्रत्येकाला दहा मणी. चार झाली. पाचवं आलं: बाळ येशू हरवतो आणि तिसऱ्या दिवशी देवळात सापडतो. तिथे माझी जीभ थांबली ती थांबलीच. दहा मणी राहिले. त्या मधल्या दिवसांत माझ्या बहिणीने जुन्या गोव्याला जाऊन सायबापुढे नवसाचं मेणाचं डोकं ठेवलं. 13 तारखेला, सांत आंतोनच्या दिवशी, तो गेला. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा म्हणे सांत आंतोन.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सायबाचं शवप्रदर्शन सुरू झालं, दहा वर्षांनी येणारं. अख्खी वाडी जाऊन आली. मी गेले नाही. कोणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचे. खरं कारण ते मेणाचं डोकं. सायबा, घेतलंस ना ते, मग?

मग 2025 ला चालत का गेले? ह्याचं उत्तर मला धड देता येत नाही. पत्रादेवीच्या पुढे त्या रस्त्याने मी दीड वर्षात गेलेच नव्हते. भाचीच्या काजाराला, लग्नाला, म्हापशाला जायचं होतं तेव्हा ताप आला, खराच आला. डोळे मिटले की तो रस्ता धावत यायचा, पावसातला, काचेवरून वाहणारा. चालत गेलं तर धावणार नाही, असलं काहीतरी डोक्यात होतं.

रविवारी, 30 नोव्हेंबरला, सकाळची मिस, म्हणजे चर्चमधली उपासना, करून निघालो. नाताळाआधीच्या आगमनकाळाची पहिली जांभळी मेणबत्ती पेटलेली होती. आम्ही चाळीसेक जण, मागे सामानाचा टेम्पो. इन्सुलीच्या घाटापर्यंत पाय नुसते नाचत होते. त्रास होता तो एका पोराच्या ब्लूटूथ स्पीकरचा. सायबाचं गाणं चांगलं आहे, लहानपणापासून म्हणतोय, पण तेच ते अकरा वेळा? बॅटरी संपू दे म्हणून मी मनापासून प्रार्थना केली. त्या दिवसातली माझी तेवढीच मनापासूनची.

बांद्याच्या पुलावर आमच्या वाड्यावरच्या एक मावशी माझ्या बाजूने चालू लागल्या. थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "देवाला चांगली फुलं लवकर लागतात गो." हे वाक्य मी अंत्यविधीपासून किती जणांकडून ऐकलंय. मी म्हटलं, "देवाची बाग बरीच मोठी दिसते मावशी, आमची एवढीशीच होती." त्या मागे राहिल्या. मला बरं वाटलं, आणि मग पुलाच्या पलीकडे पोचेपर्यंत वाईट. रात्री पत्रादेवीजवळ मुक्काम होता. डास, घोरणं, आणि उशा कमी. दिवा गेल्यावर कोणीतरी माझ्या डोक्याखाली उशी सरकवली. सकाळी बघते तर मावशी हातावर डोकं ठेवून झोपलेल्या.

पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक, फोटो, बिस्किटं. पुढे मालपे, धारगळ. मोपाच्या विमानतळाकडे उतरणारी विमानं पोटं दाखवत डोक्यावरून जात होती आणि पोरं प्रत्येक विमानाला हात करत होती. सोमवार म्हणजे पुन्हा आनंदाची रहस्यं. पाचव्याला सगळ्यांबरोबर माझे ओठ हलले, आवाज नाही. आता कोणाच्या लक्षातही येत नाही, एवढी सवय झालीय मला.

आणि मग टाच. आधी नुसती चुरचुर, मग बुटात ओलं ओलं. एक जोड घामाने भिजलेला, दुसरा रात्री धुऊन वाळलेलाच नाही. ऊन असं की डांबर वास मारत होतं. चौपदरी रस्त्याला सावली नसते, रुंदीकरणात झाडं गेली, हे गाडीत बसून कधी जाणवलं नव्हतं. मी मागे पडत गेले. टेम्पो पुढे गेला होता. फोन केला असता तर मागे आला असता. केला नाही, कारण स्पीकरवाला पोरगा टेम्पोत बसला होता.

सर्व्हिस रोडला लागून एक घर होतं. अंगणात तुळस, तुळशीच्या लग्नातला ऊस वृंदावनात अजून तसाच, सुकून वाकलेला. मी कुंपणाच्या चिऱ्यावर टेकले आणि बूट काढला. आतून एक बाई आल्या, साठीच्या पुढच्या, हातात सूप. पेडण्याची भाषा आमच्यासारखीच.

"खयसून चलत इलंस गो?"

"वाडीसून."

"बस हय, पडवेत ये. पाय बघया."

पाय बघितला आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. मला त्याचंच बरं वाटलं. घमेल्यात गरम पाणी आणलं, मीठ टाकलं. पाय बुडवल्यावर मी ओरडले तर हसल्या. मग सुई आणि पांढरा दोरा घेऊन आल्या आणि दोन्ही माझ्याच हातात दिले. "तूच ओय. माका दिसना नाय."

सुई ओवणं हे माझं पोटापाण्याचं काम. ब्लाऊज शिवते मी, वीस वर्षं झाली. पण जूनपासून सहा महिने मशीनवरचं कापडही काढलं नव्हतं. नंतर गिऱ्हाईकं तुटतील म्हणून सुरू केलं. तिथे पडवीत बसून पहिल्या फटक्यात सुई ओवली आणि उगाच अभिमान वाटला, कोणीतरी बघत होतं म्हणून असेल.

त्यांनी सुई दिव्याच्या ज्योतीवर धरली. फोड फोडायचा नाही, कातडं काढायचं नाही. एका कडेने सुई आत, दुसऱ्या कडेने बाहेर, आणि दोरा आतच ठेवून दोन्ही बाजूंना बोटभर शेपूट सोडायचं. पाणी दोऱ्यावरून हळूहळू निथळतं, कातडं तसंच राहतं. दोऱ्याला रंग नको, म्हणून पांढरा. मग फडताळातून भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचा, गोळा काढला, कोंबडीच्या अंड्याएवढा, पिवळट, घरचा. पळीत घालून चुलीवर धरला. तो कडेने पातळ होत जातो आणि मधे पांढरा खडा राहतो, तो शेवटी एकदम विरतो. आमची आई भेगांना हेच लावायची. फोड सोडून बाकी टाचेला त्यांनी ते कोमट कोमट चोळलं. कोणी माझा पाय हातात घेऊन बसलंय, असं किती वर्षांत झालं नव्हतं. पाय धुण्याचं आम्ही दरवर्षी, गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, चर्चमध्ये बघतो. बारा पुरुष ओळीने बसतात, सगळे घरून पाय धुऊन आलेले.

"नवस?" त्यांनी विचारलं.

"नाय." मग मी सांगितलं. बाईक, शनिवार, बांबुळी. तीन वाक्यांत संपतं ते.

त्या पळी पुसत राहिल्या. देवाची मर्जी, फूल, नशीब, यातलं काही आलं नाही. रस्त्याकडे बघून म्हणाल्या, "हयसूनच जातत सगळे. रात्री तो आवाज इलो काय माका जाग येता. मगे उठून बसतंय आनी हात जोडतंय. कोणाचो तरी असतलो."

"सगळ्यांक?"

"आवाज इलो काय जोडतंय. पयल्यापासून सवयच आसा."

आम्ही तिथून गेलो ते साडेअकराच्या सुमाराला. त्या रात्री तुम्ही जाग्या झाला होता का, असं मी विचारणार होते. विचारलं नाही. त्यांना तरी काय आठवणार, रोजच्या किती गाड्या. पण मी त्या पडवीतून रस्त्याकडे पाहत बसले. आतून मला तेव्हा फक्त पाऊस दिसला होता, आणि गळणारी सलाईन. बाहेर घरं आहेत, घरांत माणसं आहेत, हे डोक्यातच आलं नव्हतं.

चहा झाला. उठताना त्यांनी भिरंडेलाचा उरलेला गोळा कागदात बांधून दिला आणि त्यांच्या नातवाचे मोजे. शाळेचे, निळ्या पट्टीचे. नाव विचारायचं राहिलं. मागे वळून हात केला तेव्हा त्या सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसल्या होत्या.

कोलवाळचा पूल मी एकटीने ओलांडला. म्हापशाला पोचेपर्यंत अंधार. ह्यांचा फोन आला, "जेवलीस?" दीड वर्षात आमच्यात एवढाच प्रश्न उरलाय, दोन्हीकडून. "पोराचे मोजे घातलेत," मी म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. "शाळेतल्या पोराचे," मी सांगितलं, आणि आम्ही दोघं हसलो. ते हसणं ऐकून मी दचकले.

मंगळवारी पहाटे म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मरियेला, मेणबत्ती लावली. शिरगावची लईराई देवी आणि ती बहिणी मानतात, इकडून मोगरे जातात, तिकडून तेल येतं. माझ्या मनात आलं, भिरंडेलही चाललं असतं. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाची धूळ इतकी की नाकाला रुमाल बांधून तेर्स म्हणत होतो आणि शब्द कोणाचेच कळत नव्हते. स्पीकर बंद पडला होता. धुळीने, माझ्या प्रार्थनेने नव्हे.

मांडवीच्या पुलावरून खाली उतरलं की रस्ता फुटतो. सरळ गेलं तर मेरशी, बांबुळी. डावीकडे रायबंदर आणि जुनं गोवं. मला वाटलं होतं इथे काहीतरी होणार. रडू, चक्कर, काहीतरी. मावशींनी मुकाट्याने माझी पिशवी घेतली, त्यांनाही वाटलं असावं. बसचा धूर होता, सिग्नल होता, एक माणूस स्कूटरवरून पाव घेऊन चालला होता. मंगळवार, म्हणून बाकीचे दुःखाच्या रहस्यांवर होते. मी माळ उलटी सरकवली आणि शनिवारचं पाचवं धरलं. हरवणं, सापडणं. तीन दिवस शोधत होती मरिया, आणि सापडल्यावर आधी रागावलीच ना पोरावर, आमच्याशी असा का वागलास म्हणून. हे मी शंभरदा ऐकलं होतं. ती रागावली होती हे लक्षातच आलं नव्हतं. नमान मरिये, एक. दोन. चौथ्याला आपण डावीकडे वळलो हे कळलं. दहावा मणी झाला तेव्हा रायबंदरचा बांध सुरू झाला होता, दोन्ही बाजूंना खारफुटी, आणि टाचेतला दोरा मोज्याला अडकून प्रत्येक पावलाला खेचत होता.

त्या बांधावर सायबाचा विचार आला. त्याचा मृत्यूही असाच, वाटेत. 3 डिसेंबर 1552, सांचियान बेट, चीन समोर दिसतोय आणि होडी येत नाही. छेचाळीस वर्षांचा, तापाने फणफणलेला, शेवटी जवळ एक चिनी तरुण, बस. घरचं कोणी नाही. मी निदान काचेच्या बाहेर होते.

बासिलिका, रांग, चांदीची पेटी उंचावर, खालून काही दिसत नाही. कोणीतरी माझ्या टाचेवर पाय दिला आणि मी देवळात न शोभणारा शब्द बोलले.

बाहेर मेणाची दुकानं. पिवळट मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं, आणि एका ओळीत डोकी, सगळी एकाच साच्यातली, झोपल्यासारखी. ह्यांतलंच एक घेतलं असेल बहिणीने. मी पुढे गेले, मग मागे आले. एक डोकं उचलून पाहिलं, हलकं होतं, मला वाटलं होतं त्याहून खूप हलकं. परत जागेवर ठेवलं.

"कितें जाय?" दुकानवाली म्हणाली.

"पाय."

ती वाकून माझ्या पायातल्या निळ्या पट्टीच्या मोज्यांकडे बघत राहिली.

"दावो काय उजवो?"

"दावो," मी म्हटलं, आणि पाकिटातून सुट्टे पैसे काढायला लागले.