तुम्ही विचारलंत म्हणून: क्लार्कची पत्रं मी का वाचते

"तू मॉर्मन नाहीस, मग त्या माणसाची जुनी पत्रं कशाला वाचत बसतेस?" पुण्याची मावशी फोनवर विचारते, इथे अमेरिकेत, युटा राज्यात, शेजारी जरा जपून विचारतात. दरवेळी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. आज नेत नाही.

रुबेन क्लार्क कोण, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असतंच: मेक्सिकोतला अमेरिकेचा राजदूत, १९३३पासून १९६१ साली मरेपर्यंत मॉर्मन पंथाच्या चर्चच्या सर्वोच्च मंडळात. मला ओढलं ते मधल्या दिवसांनी. डिसेंबर १९३१मध्ये चर्चचे अध्यक्ष ग्रँट यांनी त्या मंडळात बोलावलं आणि पद हाती घेतलं एप्रिल १९३३मध्ये. तोवर ती खुर्ची रिकामी. त्याआधी नोकरीपायी वर्षानुवर्षं बायकोपासून दूर राहिलेला हा माणूस. माझे वडील मस्कतला होते. अशा घरात पत्र म्हणजे काय असतं, ते मला कोणी शिकवायला नको.

इथल्या प्रोव्हो शहराच्या विद्यापीठात त्याच्या पत्रांची खोकी आहेत. तिथेच एका दुपारी ज्यूंबद्दलचा मजकूर समोर आला. मतभेद नव्हे, द्वेषच. त्याचं हे मत अभ्यासकांनी केव्हाच लिहिलेलं आहे, मीही वाचलं होतं. पण ते त्याच्याच पत्रात, त्याच सभ्य, काटेकोर भाषेत वाचताना हात गार पडले. मी फोल्डर मिटला. टिपण घेतलं नाही.

महिन्याभराने एका छोट्या सभेत माझं भाषण होतं. समोर ओळखीची माणसं. या गावात आम्ही नवे असताना त्यांनी महिनाभर डबे पोचवले होते. मी राजदूत सांगितला, विरह सांगितला. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात त्याचा जावई युद्धनौकेवर मारला गेला ते सांगितलं, १९४६मध्ये चर्चच्या भर अधिवेशनात त्याने अणुबॉम्बचा निषेध केला तेही सांगितलं. भाषण संपल्यावर एक वयस्कर बाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "आमच्याबद्दल त्यानं काय लिहिलं, ते तुम्ही वाचलं असेल ना?" मी म्हणाले, "आजचा विषय वेगळा होता." त्यांनी मान हलवली, कोट घातला आणि गेल्या. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

तेव्हाची मी म्हणायची, खासगी पत्रावरून माणूस तोलू नये. मग बायकोला लिहिलेल्या पत्रांवरून मी त्याला हळवा ठरवलं, ते कशाच्या जोरावर? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. पण त्या विरहाची पत्रं खोटी होती, असंही मी म्हणणार नाही. कोणी कितीही चिडो.

आता त्याच्यावरच्या माझ्या निबंधात तो ज्यूंबद्दलचा मजकूर घातलाय का? घातलाय, तळटीपेत. तिथे त्याची जागा नाही, हे मलाही कळतं. वर घेतला तर बाकीचं कोणी वाचणारच नाही, ही भीती अजून सुटत नाही.