माझा अनुभव : चारशे चौरस फूट इटालियन मार्बल

दुकानाच्या गाळ्यावर पाटी ‘इटालियन मार्बल’ची असली तरी आतला बराच माल इटलीचा नसतो. डायना हा दगड तुर्कस्तानातून येतो, क्रेमा मार्फिल आणि काळा नेरो मार्किना स्पेनमधून. आपल्या बाजारात ‘इटालियन’ म्हणजे ‘बाहेरून आलेला’, इतकाच अर्थ उरलाय. यातला कोणताही दगड वाईट नाही. फक्त भाव इटलीचा लावत असतील तर खाण कुठली ते विचारायचं आणि बिलावर लिहून घ्यायचं.

चारशे चौरस फुटांच्या फरशीसाठी माझ्यासमोर खरे इटालियन दोन होते : पांढऱ्यातला कॅरारा आणि बदामी बोत्तिचिनो.

पांढऱ्याचं माहेर टस्कनीतली आपुआन डोंगररांग. रोमन लोक तिथला दगड लुनी बंदरातून रोमला नेत. शिल्पकार मायकेलएंजेलो १४९७ साली ‘पिएता’ या शिल्पाचा ठोकळा निवडायला स्वतः तिथे गेला होता. एकाच डोंगरात जाती मात्र कितीतरी. राखाडी झाक आणि बारीक शिरांचा बियान्को कॅरारा त्यातल्या त्यात स्वस्त. शुभ्र जमिनीवर ठळक शिरा असलेला तो स्टॅच्युआरिओ (दुकानात ‘सटवारियो’), जाड आणि कधी सोनेरी झाक मारणाऱ्या शिरांचा कालाकत्ता, जाळीदार अरबेस्काटो, निळसर राखाडी बार्दिलिओ.

बोत्तिचिनो उत्तरेकडच्या ब्रेशियाजवळचा. रोममधलं राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल याचं अवाढव्य स्मारक, १९११ साली खुलं झालेलं, याच दगडाचं आहे. भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने हा संगमरवर नव्हेच, घट्ट चुनखडक आहे. कॅराराचा चुनखडक उष्णतेने आणि दाबाने पुन्हा स्फटिकला, म्हणून तो साखरेसारखा दाणेदार दिसतो. बोत्तिचिनोचं तसं झालं नाही. त्यातल्या तपकिरी रेघांत माती असते आणि तो तडकतो तो तिथेच.

तरीही मी बोत्तिचिनो घेतला. पांढऱ्या दगडात लोहाचे कण असतात. खालून ओल चढली की ते गंजतात आणि फरशीवर पिवळे ढग उठतात. ते पुसून जात नाहीत. बदामी रंगात हा दोष लपतो.

निवडताना एकच परीक्षा कामाची : स्लॅब (ठोकळ्यातून कापलेली मोठी लादी) उभी करून बादलीभर पाणी ओतायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पृष्ठभाग वाळत येतो, पण भेगेत पाणी मुरलेलं असतं, त्यामुळे केसाएवढी तडही ओल्या काळपट रेघेने उठून दिसते. रेझिनने (घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने) भरलेली रेघ लवकर वाळते. ती चालते. नखाला लागणारी उघडी रेघ असेल तर स्लॅब बाजूला. सगळ्या स्लॅब एकाच ठोकळ्याच्या, सलग क्रमांकाच्या घ्याव्यात. नाहीतर खोलीच्या मध्यावर रंग बदलतो.

कापण्यातली वीस टक्के घट धरून ४८० चौरस फूट लागले. ९ × ५ फुटांच्या अकरा स्लॅब. १८ मिमी जाडीची अशी एक स्लॅब साधारण दोनशे किलोची होते आणि लिफ्टमध्ये मावत नाही. त्यामुळे माप आधी पक्कं करून कटिंग खालीच करावं लागलं.

खरा घोळ बसवताना झाला. स्लॅबच्या पाठीला जाळी असते, ती रेझिनने चिकटवलेली. या रेझिनला सिमेंट धरत नाही. मिस्त्रीने पहिले चार तुकडे सिमेंट-रेतीच्या नेहमीच्या मालावर दाबून बसवले. तिसऱ्या दिवशी नाण्याने ठोकल्यावर कोपऱ्यात पोकळ आवाज आला. ते उखडले. मग पाठीवर इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारा गोंद) लावून ओलं असतानाच कोरडी, जाड रेती भुरभुरवली. दुसऱ्या दिवशी पाठ खरखरीत झाल्यावर पांढऱ्या अ‍ॅडेसिव्हवर, १० मिमी दातांच्या थापीने ओढलेल्या थरात बसवलं. अ‍ॅडेसिव्ह पांढरंच हवं. करडं असलं तर फिकट दगडातून त्याची सावली वर येते.

सांधे लगेच भरायची घाई करू नये. खालचा थर कोरडा व्हायला मी तीन आठवडे दिले. आधीच इपॉक्सीने सांधे बंद केले तर ओल आत कोंडते आणि कडेने डाग धरते. तेवढे दिवस फरशीवर प्लॅस्टिक आणि पीओपीचा थर ठेवायची पद्धत आहे, पण प्लॅस्टिकने हीच ओल अडते. मी पुठ्ठा अंथरला. त्यानंतर रंग जुळवलेलं इपॉक्सी सांध्यांत, आणि मग डायमंड पॅडने घोटाई, भरड ६० नंबरपासून बारीक ३००० पर्यंत. मधला नंबर गाळला तर त्याआधीचे ओरखडे चकाकीखाली तसेच राहतात आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात.

पुसायला साधं पाणी किंवा सौम्य साबण. अ‍ॅसिडचं क्लीनर, व्हिनेगर, लिंबू यांना जवळ येऊ द्यायचं नाही. लिंबाचा थेंब पडला की तिथली चकाकी खाल्ली जाते. तो डाग नसतोच, त्यामुळे पुसून जात नाही. तेवढा भाग परत घोटावा लागतो.