चार्ल्स्टनची जुनी घरं: दर्शनी दिवाणखाना आणि मागचं अंगण

नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून सकाळी निघालं की साधारण साडेतीन तासांत चार्ल्स्टन येतं. साउथ कॅरोलायनाचं हे बंदर १६७० साली वसलं आणि भात, नीळ अन् गुलामांच्या व्यापारावर गबर झालं. इथली घरं म्हणजे त्या पैशाचा दिखावा.

गाडी मीटिंग स्ट्रीटवरच्या व्हिजिटर सेंटरजवळच्या पार्किंगमध्ये लावा आणि विसरून जा. गावात 'डॅश' या बससेवेच्या बस फुकट फिरतात. बाकी पायी. चाल्मर्स स्ट्रीटवर अजून गोटे आहेत, तिथे बाबागाडी ढकलणं म्हणजे शिक्षाच.

रस्त्यावरून दिसणारी बरीचशी घरं 'सिंगल हाउस' पद्धतीची आहेत. रुंदीला एकच खोली, घराची अरुंद बाजू रस्त्याकडे, आणि लांबीभर दक्षिणेला किंवा पश्चिमेला पियाझा, म्हणजे आपली पडवीच. रस्त्यावरचं दार घरात उघडतच नाही, या पडवीत उघडतं. सावली आणि समुद्राचा वारा, दोन्ही साधलं. रुंदीवरचा कर वाचवायला घरं अशी बांधली, असं गाइड रंगवून सांगतात. त्याला पुरावा नाही. भिंतींवरच्या लोखंडी चकत्या मात्र जरूर बघा: १८८६च्या भूकंपानंतर भिंती बांधून ठेवायला आरपार सळ्या घातल्या, त्यांची ही टोकं.

आत जाऊन बघायची घरं बरीच आहेत. वेळ कमी असेल तर दोनच बघा: आधी नॅथॅनिएल रसेल हाउस, मग एकन-रेट हाउस. दोन्ही हिस्टॉरिक चार्ल्स्टन फाउंडेशनकडे आहेत, जोडतिकिटाची चौकशी करा.

रसेल हाउस १८०८चं. मालक व्यापारी, गुलामांचाही व्यापार केलेला. मधला लंबगोल जिना कुठल्याही खांबाशिवाय तीन मजले वर जातो. मान वर करून बघतच राहावं असा. सगळं डागडुजी करून पुन्हा मूळ वैभवात आणलेलं.

एकन-रेटमध्ये नेमकं उलटं. १८२०च्या सुमाराचं हे घर पुढे गव्हर्नर विल्यम एकनकडे आलं. ते कुटुंबात १९७५पर्यंत राहिलं, आणि नंतर ते नवं करण्याऐवजी आहे तसं राखायचं ठरलं. भिंतीवरचा कागद सोललेला, गिलावा उडालेला. कानात ऑडिओ गाइड लावून आपल्या चालीने फिरायचं. मोठ्या दिवाणखान्यात रेंगाळू नका, मागच्या अंगणात वेळ काढा. तिथे खाली स्वयंपाकघर आणि धुण्याची जागा, वर गुलामांच्या खोल्या, समोर तबेला. चुली आहेत, खोल्यांच्या भिंतींवर जुन्या रंगाच्या खुणा आहेत. मेजवानीचं ताट कुठून येत होतं ते इथे कळतं. रसेल हाउसचा जिना आधी बघितलेला असला की हे अंगण जास्त बोचतं, म्हणून तो क्रम.

सार्वजनिक इमारतींत ब्रॉड आणि मीटिंग स्ट्रीटचा चौक झटपट होतो: नगरपालिका, काउंटी कोर्ट, फेडरल कोर्ट आणि १७६१चं सेंट मायकल्स चर्च, चारही कोपऱ्यांवर. नगरपालिकेत, म्हणजे सिटी हॉलमध्ये, चित्रकार जॉन ट्रम्बुलने काढलेलं जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र आहे. रेनबो रो, म्हणजे रंगीबेरंगी घरांची रांग, फोटोत दिसते तेवढीच, पाच मिनिटं पुरे.

१७७१च्या ओल्ड एक्स्चेंजला मात्र थांबा. १७८८ साली अमेरिकेच्या संविधानाला राज्याने मान्यता दिली ती इथे, आणि याच इमारतीबाहेर माणसांचे लिलाव होत. १८५६मध्ये उघड्यावरच्या विक्रीला बंदी आली, तेव्हा धंदा भिंतींआड गेला. त्यातली एक जागा म्हणजे चाल्मर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट, आता संग्रहालय. जागा लहान आहे, सकाळी उघडल्या उघडल्या गाठा. २०२३ साली गॅड्सडेन्स व्हार्फ या जुन्या धक्क्यावर उघडलेल्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि अर्धा दिवस ठेवा.

मार्च-एप्रिलमध्ये हवा सुरेख, हॉटेलं महाग. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या मे महिन्यासारखा घाम. भरती आणि पाऊस जुळून आले तर सखल रस्त्यांवर पाणी भरतं, भरतीची वेळ बघून निघा. भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर जिने भरपूर आहेत हे आधीच सांगून ठेवा. शाकाहारींनी रेड राइस (टोमॅटोचा भात) आणि पालेभाजीसुद्धा विचारूनच मागवावी, दोन्हींत बऱ्याचदा डुकराचं मांस असतं.